रुग्णाची शेजारती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*गुरुवारचे निरूपण*



मागच्या आठवड्यात आपल्या निपाणीच्या ग्रुपवर एका ताईंचा निरोप आला. "बाबांचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात जखम चांगली आहे. पण बाबांना रात्रभर झोप नाही. दिवसा चिडतात, जेवत नाहीत. एखादं स्तोत्र सांगा, मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं म्हणते."

त्या निरोपाखाली अर्ध्या तासात तीसेक उत्तरं पडली. कुणी स्तोत्राची ऑडिओ पाठवली, कुणी अंगारा लावायला सांगितला, कुणी फुलांची चित्रं आणि 'काळजी करू नका, महाराज आहेत' असं लिहिलं. सगळ्यांचं प्रेमच त्यात. पण मी वेळ बघितली तर रात्रीचे पावणेबारा वाजलेले. आणि ताईंचा फोन कुठं होता? बाबांच्या उशाशी, चार्जिंगला. म्हणजे बाबांना झोप यावी म्हणून आपण जे जे पाठवत होतो, त्या प्रत्येकाची 'टिंग' बाबांच्या कानाशी वाजत होती.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

*माझी चूक*

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीजवळच्या गावातले आपले एक काका. जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, पण गुरुवारची आरती कधी चुकली नाही. टाळ त्यांच्याच हातात शोभायचे. पंचाहत्तरीला आलेले असताना परड्यात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बेळगावच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. बारा कॉटांचा वॉर्ड, काका खिडकीकडच्या कॉटवर.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौदा जण गाडी करून निघालो. पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. दारावरच्या वॉचमनला विनंती केली, प्रसाद दिला, आत शिरलो. काकांना आनंद झाला, डोळे भरून आले. मग मीच म्हणालो, "आलोच आहोत तर थोडं नामस्मरण करू." थोडं म्हणता म्हणता पाऊण तास झाला. छोटे टाळ होते, आरती झाली, जयघोष झाला.

शेजारच्या कॉटवर गोकाककडचे एक आजोबा होते. त्यांची बायको हळू आवाजात मला म्हणाली, "एरड दिना आत्री, निद्दी इल्ल." दोन दिवस झाले हो, झोप नाही. मला कानडी समजतं. तरी मी हसलो आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवला. तिनं तो कपाळाला लावला आणि गप्प बसली. मला वाटलं, माउलीला बरं वाटलं. आज कळतं, ती गाऱ्हाणं सांगत होती आणि मी तिला पेढा दिला.

आमच्यानंतर रोज कुणी ना कुणी जात राहिलं. सगळी आपलीच माणसं. संध्याकाळी कामं आटोपून निघायची, नऊ-साडेनऊपर्यंत बसायची. चौथ्या दिवशी काकांच्या सूनबाईंचा फोन आला. "मास्तर, मामंजी काहीबाही बोलालेत. भिंतीवर माणसं दिसत्यात म्हणत्यात. सलाईन उपसून टाकलं. मला वळखंनात." घरात कुणीतरी लगेच म्हणालं, हे बाहेरचं आहे, दवाखान्यात काय काय असतं. आणि मीसुद्धा, एवढी शाळा शिकवलेला माणूस, अंगारा खिशात घालूनच गेलो.

वॉर्डात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, वय झालेलं, मोठं ऑपरेशन झालेलं, त्यात चार रात्री सलग झोप नाही. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाचा मेंदू गोंधळतो. हे वेड नाही आणि बाधाही नाही. इतर कारणं आम्ही तपासतोय, रक्त बघतोय, औषधं बघतोय. तुम्ही तुमच्या बाजूनं एक करा, इथली गर्दी कमी करा.

मी कॉटजवळ गेलो. काका त्या घटकेला शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, देवाचं नाव घ्या, न्हाई म्हणत न्हाई. पर मला वाईच पडू द्या की."

ते शब्द घेऊन मी गुरुवारी महाराजांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. महाराज थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "शेजारती झाल्यावर गाभाऱ्याचं दार उघडून तू टाळ वाजवशील का?"

मी म्हणालो, "नाही महाराज."

"का?"

"देव निजलेला असतो."

"मग त्या कॉटवर कोण निजलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं निरूपण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

*शेजारती आपण कशासाठी करतो?*

नृसिंहवाडीला रात्री थांबलेल्यांनी शेजारती पाहिली असेल. दिवसभर घंटा, गर्दी, पालखी. आणि मग तो एक क्षण येतो, जिथं सगळं हळूहळू शांत होत जातं. आवाज खाली येतो, दिवे मंद होतात, देवाला निरोप देतात, दार लागतं. त्यानंतर कितीही मोठा माणूस आला, कितीही लांबून आला, तरी दार पहाटेलाच उघडणार. आपण त्याबद्दल तक्रार करत नाही. उलट बाहेरच्या बाहेर नमस्कार करतो आणि हळू पावलांनी मागे फिरतो.

पंढरपूरची रीत तर याहून बोलकी आहे. आषाढीला लाखो वारकरी येतात, सगळ्यांना दर्शन मिळालं पाहिजे. म्हणून आधीच देवाचा पलंग काढतात. शेजारती नाही, काकडा नाही, देव चोवीस तास उभा. पण त्या काळात देवाच्या पाठीला मऊ लोड देतात. आणि वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. लिंबू-साखर पायांना चोळतात, ऊन पाण्यानं स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि देव पुन्हा पलंगावर निजतो. कशासाठी? इतके दिवसांच्या जागरणाचा शीण जावा म्हणून.

बघा, ज्याला थकवा नाही, ज्याला झोपेची गरज नाही, त्या परमात्म्याच्या झोपेची आपल्या पूर्वजांनी एवढी व्यवस्था लावली. पाषाणाच्या मूर्तीला लोड दिला. देवशयनीपासून प्रबोधिनीपर्यंत चार महिने देव निजतो म्हणून आपण लग्नकार्यसुद्धा थांबवतो. आणि ज्याच्या पोटाला टाके आहेत, हाताला सुई आहे, त्या जिवंत देवाच्या डोळ्यांवर आपण ट्यूबलाईट ठेवतो आणि कानाशी फोन.

*झोप देवी आहे, आणि औषधही*

देवीमाहात्म्यात भगवतीची स्तुती करताना तिला सर्व प्राणिमात्रांत निद्रेच्या रूपानं राहणारी म्हटलं आहे. म्हणजे झोप हा आळस नव्हे, आदिमायेचं रूप आहे. चरकसंहितेत शरीराचे तीन आधारखांब सांगितले आहेत, त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. चरकांनी झोपेचे प्रकारही सांगितले. आजारातून येणारी गुंगी वेगळी, श्रमानं येणारी वेगळी. आणि रात्र झाली की आपोआप येणारी जी स्वाभाविक झोप, तिला त्यांनी भूतधात्री म्हटलं. जीवमात्राला दाईसारखी पोसणारी. किती सुंदर नाव आहे! आजारी लेकराजवळून त्याची दाईच काढून घेतली तर ते कसं वाढणार?

आजचं वैद्यकशास्त्रही वेगळं सांगत नाही. गाढ झोपेत शरीर आपली डागडुजी करतं. झोप तुटली की रोगाशी लढायची ताकद घटते, रक्तातली साखर वर जाते, तेवढीच जखम जास्त दुखते. आणि दुखलं की पुन्हा झोप येत नाही. असं ते चक्र फिरत राहतं.

इथं कुणी म्हणेल, मास्तर, आपण तर हरिजागर करणारी माणसं. एकादशीला, शिवरात्रीला रात्र रात्र जागतो. मग जागरणाला नावं कशी ठेवता? नावं ठेवत नाही. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलं आहे की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही. झोप आणि जाग दोन्ही बेतात हवीत. निरोगी माणूस आपणहून जागतो, ते व्रत. आजाऱ्याला जागं राहावं लागतं, तो भोग. आपलं व्रत दुसऱ्याच्या भोगात भर घालणारं असू नये.

झोपलेल्याला त्रास देणं आपल्या परंपरेनं किती मोठं पाप मानलं आहे ते महाभारतात बघा. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरावर जातो. कृपाचार्य त्याला आधी सांगतात, आज रात्री विश्रांती घे, सकाळी लढ. तो ऐकत नाही. निजलेल्यांवर घाव घालतो. पुढं उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र सोडतो. मग शाप मिळतो. आपल्या आज्या सांगायच्या, अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अजून फिरतो. ज्यानं दुसऱ्याच्या झोपेचा घात केला, त्याची स्वतःची जखम भरत नाही. मला त्या कथेत आता दवाखान्याचा वॉर्ड दिसतो.

*दवाखान्यात झोप का मोडते?*

घरी बाजेवर पडल्या पडल्या घोरणारा माणूस दवाखान्यात टक्क जागा का राहतो? नेदरलँड्समध्ये २०१७ साली एका रात्री ३९ रुग्णालयांतल्या सुमारे २००० रुग्णांच्या झोपेची चौकशी झाली. घरच्यापेक्षा ते सरासरी ८३ मिनिटं कमी झोपले होते. आणि तिघांतल्या दोघांना बाहेरच्या कुठल्या ना कुठल्या कारणानं जाग आली होती. शेजारच्या रुग्णांचा आवाज, यंत्रांचा आवाज, दुखणं, लघवीला उठणं ही मोठी कारणं. ही त्या श्रीमंत देशाची गोष्ट. आपल्या वॉर्डात यात आणखी काय काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

पहिलं कारण *आवाज.* जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली सांगितलं की रुग्णाच्या वॉर्डात रात्री आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. म्हणजे कुजबुजीइतका. आपलं साधं बोलणंच ६० च्या घरात जातं. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे. तिथं रात्री दहा ते सकाळी सहा ४० डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या मिरवणुका, आपले डॉल्बी, आणि हो, आपले भक्तीचे स्पीकरसुद्धा या नियमात येतात.

दुसरं *उजेड.* अंधार पडला की मेंदू झोपेचा रस सोडतो, त्याला मेलाटोनिन म्हणतात. डोळ्यांवर प्रखर दिवा असेल तर तो आटतो. आणि फोनचा पडदा हाही दिवाच.

तिसरं *दुखणं आणि औषधं.* आपली जुनी माणसं दुखतंय म्हणून सांगत नाहीत. "कशाला सिस्टरला त्रास" म्हणत रात्रभर कण्हतात. काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी झोप उडते. आणि आपल्या निपाणी भागात एक खास कारण आहे, तंबाखू. पन्नास वर्षं मिश्री लावणारी आजी किंवा तंबाखू चोळणारे आजोबा दवाखान्यात एकदम बंद करतात. बंद झालं ते उत्तमच. पण ती सवय अचानक सुटली की चार-आठ दिवस झोप उडते, चिडचिड होते. लाजू नका, डॉक्टरांना खरं सांगा. पदराआडून मिश्रीची डबी मात्र वॉर्डात नेऊ नका.

चौथं *दिवसाची झोप.* रात्री जागलेला माणूस दिवसभर डुलक्या काढतो. मग पुन्हा रात्र कोरडी जाते.

आणि पाचवं कारण आपण, *भेटायला जाणारे.* सिस्टर बीपी बघायला उठवतात, इंजेक्शन द्यायला उठवतात, ते रुग्णाच्या जिवासाठी असतं. आपण मात्र "झोपलाय व्हय? असू दे, उठवू नका" असं एवढ्या मोठ्यानं म्हणतो की तो उठतोच.

*मनातली जाग*

बाहेरचं सगळं शांत झालं तरी एक जाग उरते, ती मनातली. महाभारतात धृतराष्ट्राला एका रात्री झोप येत नाही. महाल होता, मऊ शय्या होती, दारावर पहारा होता. पण संजय पांडवांकडून परत आला होता आणि त्यांचा निरोप उद्या सभेत सांगणार होता. उद्या काय ऐकावं लागेल, या काळजीनं राजा तळमळत होता. त्यानं विदुराला बोलावलं. आपण जिला विदुरनीती म्हणतो ती त्या रात्री सांगितली गेली. त्या उपपर्वाचं नावच प्रजागर, म्हणजे जाग. धृतराष्ट्राला जवळ बसून खरं सांगणारा माणूस हवा होता.

आपल्या रुग्णाच्या मनात कोणत्या काळज्या असतात? बिल किती होणार. योजनेचं कार्ड चालेल की नाही. म्हैस कोण बघतंय. मुलीच्या लग्नाचे पैसे याच्यात गेले का. आणि आपल्या सीमाभागात आणखी एक आहे. डॉक्टर कानडीत बोलून गेले, कागद कानडीत किंवा इंग्रजीत आहे, आणि आजीला फक्त मराठी कळतं. कोल्हापूर-मिरजेकडे गेलेल्या आपल्या कानडी शेजाऱ्याचं उलटं होतं. काय झालंय हे कळलं नाही की माणूस रात्री त्याचे सगळ्यात वाईट अर्थ लावतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेनं १८५९ च्या आपल्या पुस्तकात आवाजावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. ती सांगते की रुग्णाला पहिल्या झोपेतून कधी उठवू नये, ती मोडली की पुन्हा लागत नाही. आणि ती असंही बजावते की रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजणं फार निर्दयपणाचं आहे, कारण तो कान ताणून ऐकत राहतो. आपण काय करतो? व्हरांड्यात उभं राहून दबक्या आवाजात बोलतो आणि समजतो की त्याला कळत नाही. त्याला सगळं कळतं, अर्धवट कळतं, आणि ते जास्त वाईट.

*रुग्णाची शेजारती कशी करावी*

मंडळी, ऐकून सोडून द्यायचं नाही. आपल्यापैकी कुणाच्याही घरी माणूस दवाखान्यात असेल तर रात्री आठच्या सुमारास ही सेवा सुरू करावी. यालाच आपण रुग्णाची शेजारती म्हणू.

🌼 *दार लावणे.* आठनंतर भेटायला जायचं नाही. दिवसाही भेटीच्या वेळेतच, एका वेळी दोघांनी, पंधरा मिनिटं. लांबून आलोय हे थांबायचं कारण होत नाही. गाभारा बंद असेल तर आपण बाहेरून नमस्कार करतो ना, तसाच इथंही करावा.

🌼 *विचारणे.* जवळ बसून एकदाच विचारा, "कुठं दुखतंय? मनात काही आहे?" दुखत असेल तर झोपायच्या आधी सिस्टरांना सांगा. काळजी असेल तर खरं काय ते हळूच, नीट सांगा. डॉक्टरांचं बोलणं कळलं नसेल तर दिवसाच कळवून घ्या. आपल्या ग्रुपमध्ये दोन्ही भाषा येणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी ही सेवा घ्यावी आणि शेजारच्या कॉटवरच्या माणसालाही समजावून सांगावं.

🌼 *स्नान.* ऊन पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं तोंड, हात, पाय पुसून द्या. देवाच्या पायांचा शीण काढतात तसा. चादर सारखी करा. एकदा लघवीला नेऊन आणा, किंवा भांडं द्या.

🌼 *दिवा मंद करणे.* आपल्या कॉटवरचा दिवा बंद करता येत असेल तर सिस्टरांना विचारून करा. नाहीतर डोळ्यांवर मऊ सुती पट्टी द्या. सकाळी मात्र खिडकी उघडा, उजेड येऊ द्या, चालायची परवानगी असेल तर दोन पावलं चालवा. दिवसा उजेड आणि रात्री अंधार, हे शरीराचं पंचांग आहे.

🌼 *घंटा थांबवणे.* फोन गप्प करून खिशात. व्हिडिओ कॉल नाही. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही.

🌼 *औषध.* झोपेची गोळी घरून आणून देऊ नका. शेजारच्याला लागू पडली म्हणून देऊ नका. औषधांच्या वेळा स्वतः बदलू नका. "ही गोळी सकाळी देता येईल का? रात्रीची एखादी तपासणी पुढे-मागे करता येईल का?" एवढं डॉक्टरांना नम्रपणे विचारा. ते नको म्हणाले तर त्यात कारण असतं. उठवायला आलेल्या सिस्टरवर रागावू नका, तीही रात्रभर जागीच असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. म्हातारं माणूस दवाखान्यात एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, नसलेली माणसं दिसू लागली, दिवस-रात्र उलटी झाली, ओळखीचं ओळखेना, किंवा अगदीच गप्प पडून राहू लागलं, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. *ही बाधा नव्हे, करणी नव्हे.* हा आजार आहे. त्यामागे जंतुसंसर्ग, औषध, शरीरातलं पाणी कमी होणं, झोप तुटणं अशी कारणं असतात आणि ती शोधून उपाय करता येतात. अंगारा लावायचा तर डॉक्टरांना सांगून झाल्यावर लावा. त्यात एक तास गेला तरी तो महाग पडतो. चष्मा आणि कानाचं यंत्र घरून नेऊन द्या. ओळखीचं एकच माणूस जवळ ठेवा. आज कोणता वार, आपण कुठं आहोत, हे प्रेमानं सांगत राहा.

*उशाशी बसणाऱ्याचीही रात्र असते*

एक माणूस आपण नेहमी विसरतो. कॉटखाली चटई टाकून जी पडलेली असते ती सून, ती मुलगी, तो भाऊ. रुग्ण बरा होऊन घरी येतो आणि आठवड्यानं हीच अंथरूण धरते. भेटायला जाणाऱ्यांनी फळांच्या पिशवीपेक्षा तिला एक रात्र द्यावी. "अक्का, आज तू घरी जाऊन नीज, मी थांबतो." हा प्रसाद कुठल्याही पेढ्यापेक्षा गोड आहे. ग्रुपवर पाळ्या लावून घ्या, दोन रात्रींच्या वर एकावर भार नको.

*काकांचं पुढं काय झालं*

त्या तरुण डॉक्टरांनी औषधं बदलली, आम्ही गर्दी थांबवली. तीन-चार दिवसांत काका माणसात आले. घरी आले, काठी घेऊन आरतीलाही आले. त्यांनी मला त्या पाऊण तासावरून कधी एक शब्द सुनावला नाही, हे त्यांचं मोठेपण.

दोन वर्षांनी ते पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी छातीचं दुखणं होतं आणि परत येणं कठीण आहे हे सगळ्यांना कळत होतं. आम्ही पाळी लावली. रोज एकच जण. माझी पाळी आली त्या संध्याकाळी सूनबाईंनी त्यांचे पाय ऊन फडक्यानं पुसले, चादर सारखी केली, डोळ्यांवर पट्टी ठेवली. मी टाळ नेले नव्हते. हात हातात घेऊन मनातल्या मनात नाम घेत होतो. काका म्हणाले, "मास्तर, आज निवांत पडतो." आणि पहाटेपर्यंत झोपले. उठून अर्धा कप चहा घेतला. पुढं अकरा दिवसांनी गेले.

आयुष्यात मी पुष्कळ आरत्या केल्या. ती शेजारती मला सगळ्यांत जवळची आहे.

*ताई, आता तुमचं उत्तर*

स्तोत्र कोणतंही म्हणा, बाबांना आवडतं ते म्हणा. त्यांनी मागितलं तर त्यांच्या कानापुरतं, हळू आवाजात, एकदा म्हणा. पापण्या जड झाल्या की थांबा. पुढचं मनात म्हणा, किंवा व्हरांड्यात जाऊन म्हणा. भगवंताला ऐकू येतं, त्याच्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. आणि उद्या राउंडला डॉक्टर आले की त्यांना 'झोप नाही, जेवण नाही, चिडचिड आहे' हे तिन्ही सांगा. सहा दिवस झाले आहेत, हे आता अंगावर काढू नका.

आपल्या सर्व ग्रुपसाठी या गुरुवारपासून एक बदल. पहाटे साडेचारला काकड्याची ऑडिओ जाते ती आता सकाळी सातनंतर जाईल. रात्री आठनंतर ग्रुपवर काहीही पाठवायचं नाही. कुणाच्या घरी कोण उशाशी बसलं आहे, आपल्याला दिसत नाही.

*आजचा संकल्प :* या महिन्यात दवाखान्यातल्या एका तरी माणसाला एक रात्र शांत झोप मिळेल असं काहीतरी मी करीन. तो माझ्या जातीचा, माझ्या भाषेचा, माझ्या ग्रुपचा असो वा नसो. गोकाकच्या त्या आजोबांची माफी मागायला मी परत गेलो, तेव्हा ते कॉटवर नव्हते. घरी गेले, एवढंच कळलं. माफी राहूनच गेली. तुमची राहू नये.

सर्वांना निवांत झोप लाभो, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

(हा संदेश जरूर पुढे पाठवा. पण उद्या, दिवसा.)